चासी जुनी, इंजिन उसनं: कुत्र्यांच्या एका कर्करोगाचं प्रकरण

पशुवैद्यकाच्या टेबलावर हा आजार ओळखायला फार वेळ लागत नाही. भटक्या कुत्रीच्या योनिमार्गात किंवा कुत्र्याच्या शिश्नाच्या मुळाशी खडबडीत, लालसर, बोट लागताच रक्त येणारी गाठ असते. काचपट्टीवर तिचा ठसा घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की सुट्या, गोल गोल पेशी दिसतात. त्यांच्या पेशीरसात रिकाम्या पोकळ्या ओळीनं लागलेल्या असतात. डॉक्टर 'टीव्हीटी' (ट्रान्समिसिबल व्हिनेरिअल ट्यूमर, म्हणजे समागमातून पसरणारी गाठ) असं लिहून मोकळे होतात, दर आठवड्याला शिरेतून व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध सुरू होतं आणि बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बरी होतात. जिथे कुत्री मोकाट फिरतात, तिथे हा आजार रोजचाच आहे. किमान ९० देशांत त्याचं कायमचं ठाण आहे. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात मोकाट कुत्र्यांवर नियंत्रण आलं आणि तिथून तो हटला.

एवढा साधा, इतक्या सहज बरा होणारा आजार अभ्यासाला का घ्यायचा? कारण ती गाठ त्या कुत्र्याची नसतेच. गाठीतल्या पेशी दुसऱ्याच एका कुत्र्याच्या आहेत, आणि ते कुत्रं हजारो वर्षांपूर्वी मेलं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी इंजिनं; त्यांच्या डीएनएमधले बदल कर्करोग घडवतात की कर्करोगात आपोआप साचतात, हा वाद गेली २५-३० वर्षं चालू आहे. माझ्या मते त्या वादात माणसांच्या कुठल्याही एका अभ्यासापेक्षा कुत्र्यांचं हे प्रकरण जास्त काही सांगून जातं.

पेशीच आजार पसरवते

१८७६ मध्ये नोविन्स्की या रशियन पशुवैद्यकानं एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात रुजवला आणि गाठ तिथे वाढली. हा कर्करोग पोचवता येतो, एवढं त्यातून कळलं. पण पोचतं नेमकं काय? विषाणू की खुद्द पेशी? या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळायला पुढची १३० वर्षं जावी लागली. २००६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रॉबिन वाइस यांच्या गटानं पाच खंडांतल्या ४० कुत्र्यांच्या गाठी तपासल्या. त्यात भारतातले नमुनेही होते. जिथे गाठीबरोबर रक्तही मिळालं, तिथे प्रत्येक वेळी गाठ आणि तिचा यजमान (ज्याच्या अंगावर ती वाढली ते कुत्रं) जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले. उलट जगभरच्या गाठी मात्र एकमेकींच्या सख्ख्या निघाल्या. समागमात, चाटताना, हुंगताना गाठीतल्या पेशी सुटून दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर रुजतात. विषाणूची गरजच नाही.

कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. या पेशींत साधारण ५७ ते ६४ असतात, कारण बरीचशी एकमेकांना चिकटून गेली आहेत. वयाचे अंदाज सुरुवातीला फारच विस्कळीत होते. २००६ चा अंदाज होता २०० ते २५०० वर्षं. २०१४ मध्ये एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटानं दोन गाठींचा संपूर्ण जनुकसंच वाचून आकडा सुमारे ११,००० वर्षांवर नेला. २०१९ मध्ये ५४६ गाठींच्या वाचनातून तो ४,००० ते ८,५०० वर्षांवर आला, आणि उगम बहुधा आशियात असल्याचं दिसलं. या शेवटच्या अंदाजातला सर्वांत कमी आकडा घेतला तरी ही पेशीरेषा हडप्पा संस्कृतीइतकी जुनी भरते.

नंबर जुळेना

आता मुद्द्यावर येऊ. पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. मोठा साठा केंद्रकात आणि छोटासा मायटोकॉन्ड्रियांत. हा छोटा साठा (पुढे त्याला एमटी-डीएनए म्हणू) माणसात १६,५६९ अक्षरांचा असतो, कुत्र्यात त्याहून थोडासाच मोठा. त्यावर फक्त ३७ जनुकं असतात. त्यांतली १३ श्वसनसाखळीतली (ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रणेतली) प्रथिनं बनवतात, उरलेली २४ त्या कामासाठी लागणारे आरएनए बनवतात. केंद्रकातल्या बहुतेक जनुकांच्या दोनच प्रती असतात, तर एमटी-डीएनएच्या शेकडो ते हजारो. आणि हा वारसा फक्त आईकडून येतो.

एकाच पेशीपासून सगळी रेषा निघाली असेल, तर केंद्रकातल्या डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष आणि एमटी-डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष एकमेकांशी जुळायला हवेत. २०११ मध्ये लंडनच्याच इम्पिरियल कॉलेजमधल्या क्लेअर रेबेक, आर्मांड लेरॉय आणि ऑस्टिन बर्ट यांनी दाखवलं की ते जुळत नाहीत. केंद्रक सांगत होतं की सगळ्या गाठी एका प्राचीन जनावराच्या आहेत. एमटी-डीएनए मात्र वेगवेगळ्या, बऱ्याच अलीकडच्या कुत्र्यांशी नातं सांगत होता.

जुना ट्रक विकत घेताना आरसी बुकावरचा चासी नंबर जुळतो, पण इंजिन नंबर जुळत नाही, तेव्हा मेकॅनिक काय समजायचं ते समजतो: गाडी तीच आहे, इंजिन मधेच कधीतरी बदललंय. रेबेक आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच निष्कर्ष काढला. कर्करोगाच्या पेशीनं वाटेत भेटलेल्या एखाद्या कुत्र्याच्या पेशीतून मायटोकॉन्ड्रिया उचलले आणि पुढे तेच वापरले.

उचलायची गरज का पडली असेल, याचं त्यांनी मांडलेलं कारण समजण्यासारखं आहे. एमटी-डीएनए झिजतो फार. श्वसनसाखळी आणि तिथून सुटणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू अगदी शेजारीच असतात, केंद्रकात मिळते तशी डीएनए-दुरुस्तीची भरभक्कम सोय इथे नसते, आणि सस्तन प्राण्यांत दोन वेगळ्या एमटी-डीएनएची अदलाबदल होऊन बिघाड धुऊन निघायची संधीही जवळपास मिळत नाही. मग निरोगी प्राण्यांत पिढ्यानपिढ्या तो टिकतो कसा? अंड्याच्या वाटेवर. मादीच्या शरीरात अंडं घडताना एमटी-डीएनएच्या मोजक्याच प्रतींतून पुढचा साठा उभा राहतो, त्यामुळे बिघडलेल्या प्रती उघड्या पडतात आणि वाईट माल तिथेच गाळला जातो. कर्करोगाच्या पेशीला ना अंडं, ना पुढची पिढी. ती नुसती दोनाची चार होत राहते. माणसाच्या गाठीत हे दुखणं जाणवत नाही, कारण रुग्णाबरोबर गाठही संपते. पण हजारो वर्षं जगणाऱ्या पेशीला झीज भोवणारच.

४४९ गाठी

२०११ चा अभ्यास इशारा देणारा होता, पण नमुने थोडे होते. २०१६ मध्ये केंब्रिजमधल्या आंद्रेआ स्त्राकोवा, मर्चिसन आणि जगभरच्या पशुवैद्यकांनी ३९ देशांतल्या ४४९ गाठींचा संपूर्ण एमटी-डीएनए वाचला. इतके नमुने गोळा झाले ते गावोगावच्या दवाखान्यांमुळे. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा कापून जपून ठेवला, बरोबर त्याच कुत्र्याच्या निरोगी ऊतीचाही तुकडा ठेवला आणि दोन्ही पाठवून दिले. यजमानाचा तो दुसरा तुकडा नसता तर या प्रकरणाचा निकालच लागला नसता. त्याचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माणसांच्या अभ्यासांत घोळ झाला तो इथेच.

गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्करोगाच्या पेशी नसतात. त्यात यजमानाच्या रक्तवाहिन्या असतात, संयोजी ऊती असते, गाठीवर चाल करून आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. सगळं एकत्र दळून डीएनए काढला की दोघांचा एमटी-डीएनए मिसळून येतो. समजा, एका ठिकाणचं अक्षर हजार वेळा वाचलं. ७०० वेळा 'ए' आलं, ३०० वेळा 'जी'. यातलं गाठीचं कोणतं? नुसत्या गाठीकडे बघून सांगता येणार नाही. त्याच कुत्र्याच्या निरोगी ऊतीत फक्त 'जी' असेल तर 'ए' गाठीचं ठरलं. असं एकेक ठिकाण तपासत गेलं की यजमानाचा एमटी-डीएनए बाजूला काढता येतो.

तरी एक पेच उरतो. एखाद्या गाठीत यजमानासारखाच एमटी-डीएनए दिसला तर ती ताजी उसनवारी म्हणायची की नमुन्यातली भेसळ? एकट्या गाठीवरून हे ठरवणं जोखमीचं. पण एकच परका एमटी-डीएनए अनेक गावांतल्या, अनेक कुत्र्यांच्या गाठींत दिसला, त्या कुत्र्यांचा स्वतःचा एमटी-डीएनए वेगवेगळा निघाला आणि शिवाय त्या परक्या डीएनएवर पुढे झालेले नवे बदलही गाठींमध्ये सामाईक सापडले, तर भेसळीचा संशय फिटतो. तो एमटी-डीएनए एकदाच उचलला गेला आणि मग गाठीबरोबर कुत्र्या-कुत्र्यांतून फिरला, असंच म्हणावं लागतं.

या कसोटीला उतरलेली उसनवारी निदान पाच वेळा झाली, असं ४४९ गाठींतून दिसलं. त्यातून पाच कुळं पडली. काही कुळं खंडाखंडांत पसरलेली आहेत, काही एखाद्याच प्रदेशापुरती. त्यांच्या वाटा गेल्या दोन हजार वर्षांत कुत्री माणसाबरोबर जिथे जिथे गेली त्या वाटांशी जुळतात. अमेरिका खंडात हा आजार साधारण ५०० वर्षांपूर्वी पोचला, हे नंतर केंद्रकाच्या डीएनएवरूनही दिसलं, आणि तो काळ युरोपीय जहाजांचा आहे. जहाजावर कुत्रं, कुत्र्यावर गाठ आणि गाठीत तिसऱ्याच कुत्र्याचे मायटोकॉन्ड्रिया, असा तो प्रवास.

दोन गोष्टी मला या अभ्यासात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. पहिली: काही गाठींत दोन वेगळ्या एमटी-डीएनएचे तुकडे एकत्र जुळलेले आढळले. सस्तन प्राण्यांत अशी अदलाबदल होत नाही, असंच आपण शिकत आलो. पण तिला संधी मिळायला दोन वेगळ्या घराण्यांचे मायटोकॉन्ड्रिया एका पेशीत यावे लागतात आणि एरवी ते येतच नाहीत. इथे आले.

दुसरी गोष्ट अधिक वजनाची. प्रथिनाचा कोड लिहिणाऱ्या अक्षरांत काही बदल असे असतात की प्रथिन जसंच्या तसं राहतं, आणि काहींनी प्रथिन बदलतं. बदल निव्वळ योगायोगानं साचत असतील तर या दोन प्रकारांचं प्रमाण किती असावं हे गणितानं काढता येतं. उसन्या एमटी-डीएनएत प्रथिन बिघडवणारे बदल अपेक्षेपेक्षा कमी निघाले. म्हणजे बिघाड होत होते, पण ज्या पेशींत ते झाले त्या मागे पडत होत्या. मायटोकॉन्ड्रिया धडधाकट असणं या कर्करोगाला परवडत होतं, इतकंच नाही, ते त्याला लागतच होतं. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी मांडलेल्या कल्पनेच्या हे अगदी उलट आहे. पेशीचं श्वसन कायमचं बिघडतं आणि त्यातूनच कर्करोग होतो, असं ते १९५६ मध्येही ठासून सांगत होते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर फस्त करतात हे त्यांचं निरीक्षण आजही खरं आहे. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र निदान या पेशीला लागू होत नाही.

फायदा नक्की कोणाचा?

इथवर गोष्ट सरळ वाटते: इंजिन झिजलं, नवं बसवलं, गाडी चालू. २०२० मध्ये याच गटानं गाठींचा आणखी मोठा साठा तपासला आणि सरळ गोष्टीला फाटा फुटला.

मुळात एक अडचण आहे. कर्करोगाच्या पेशीत स्वतःचे शेकडो-हजारो एमटी-डीएनए असताना बाहेरून आलेले मूठभर त्यात टिकतात कसे, आणि पुढे सगळी पेशीच व्यापतात कसे? याचे तीन खुलासे संभवतात. एक, निव्वळ नशीब. पेशी विभागताना एमटी-डीएनएच्या प्रती दोन पेशींत कशाही वाटल्या जातात, त्यामुळे चढउतार होत होत एखादी जात आपसूक शंभर टक्क्यांवर पोचू शकते. दोन, पेशीचा फायदा. नव्या मायटोकॉन्ड्रियांनी पेशी जोमदार झाली आणि तिची पिलावळ वाढली. तीन, एमटी-डीएनएचा स्वतःचा फायदा. पेशीचं भलं होवो न होवो, तो शेजाऱ्यापेक्षा भराभर प्रती काढतो आणि जागा बळकावतो.

२०२० च्या अभ्यासात दिसलं की उसनवारी अधूनमधून होतच राहते, पण एक विशिष्ट घराणं, नाव ए-१-डी-१-ए, पुन्हा पुन्हा घुसलेलं आहे. वेगवेगळ्या वेळी ते गाठींत शिरलं आणि दर वेळी आधीच्या एमटी-डीएनएला हुसकून बसलं. नशिबाचा खुलासा इथे लंगडा पडतो. सोडत निघाली तर दर वेळी एकाच घराण्याची चिठ्ठी कशी निघेल?

मग या घराण्यात वेगळं काय? संशोधकांचं बोट एका अक्षरावर गेलं. ते कुठल्याही प्रथिनाच्या जनुकात नाही. ते आहे नियंत्रण-पट्ट्यात, म्हणजे एमटी-डीएनएच्या प्रती काढायचं आणि जनुकं वाचायचं काम जिथून सुरू होतं तिथे. हा बदल वाचनाच्या कामावर परिणाम करील असा अंदाज आहे. मायटोकॉन्ड्रियात तिथून वाचलेल्या आरएनएचाच तुकडा प्रत काढायला पहिली ठिणगी म्हणून वापरला जातो, त्यामुळे वाचनावरचा परिणाम प्रतींच्या संख्येपर्यंत पोचू शकतो. ए-१-डी-१-एचे तुकडे दुसऱ्या एमटी-डीएनएशी जिथे जुळले, तिथे नेमकं हे अक्षर टिकून राहिलं. आणि ज्या गाठींत हे घराणं कधी शिरलंच नाही, तिथेही काही ठिकाणी तोच बदल स्वतंत्रपणे झालेला सापडला. एकच अक्षर तीन वेगवेगळ्या वाटांनी पुढे येतं, तेव्हा मी तरी त्याला योगायोग म्हणणार नाही.

म्हणून संशोधकांनी तिसऱ्या खुलाशाकडे झुकणारं चित्र मांडलं: हा स्वार्थी एमटी-डीएनए आहे. चांगला आहे म्हणून तो निवडला गेला असं नाही, स्वतःच्या प्रती वाढवण्यात तो पटाईत आहे म्हणून टिकला. २०१६ चा निष्कर्ष यानं रद्द होत नाही. प्रथिनं बिघडली तर पेशी मागे पडते, हे खरंच आहे. पण प्रथिनं शाबूत असलेल्या दोन एमटी-डीएनएमध्ये कोण जिंकणार, हे पेशीच्या हितावर ठरेलच असं नाही. 'गाठीत अमुक बदल शंभर टक्के प्रतींत आढळला, म्हणजे तो कर्करोगाला मदत करत असणार' हा युक्तिवाद किती घसरडा आहे, ते इथे दिसतं.

माणसाच्या गाठींकडे

माणसांत नेमका हाच युक्तिवाद बराच काळ चालला. १९९८ मध्ये अमेरिकन कर्करोग-संशोधक बर्ट फोगेलस्टीन यांच्या प्रयोगशाळेनं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १० पेशीरेषा (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) तपासल्या आणि त्यांतल्या सातांत एमटी-डीएनएचे बदल सापडले. बहुतेक बदल पेशीतल्या जवळपास सगळ्या प्रतींत होते. खळबळ उडाली. पाठोपाठ मूत्राशय, फुप्फुस, डोकं-मान, स्तन असे शोधनिबंध येत गेले.

मग दोन थंड पाण्याचे तांबे ओतले गेले. २००१ मध्ये हिलरी कॉलर आणि सहकाऱ्यांनी गणितानं दाखवलं की एखाद्या बदलाला शंभर टक्क्यांवर पोचायला निवडीची (फायद्याच्या बदलाला मिळणाऱ्या झुकत्या मापाची) गरजच नाही, पेशींच्या पुरेशा पिढ्या गेल्या की नुसत्या नशिबानं तेवढं होतं. २००५ मध्ये अंतोनियो सालास आणि सहकाऱ्यांनी छापून आलेल्या निबंधांतले क्रम पुन्हा तपासले. अनेक ठिकाणी 'गाठीतले नवे बदल' म्हणून दिलेली अक्षरं म्हणजे दुसऱ्याच माणसाचा अख्खा एमटी-डीएनए होता: नमुने अदलाबदल झाले होते किंवा भेसळ झाली होती. एमटी-डीएनए घराण्यांचा वंशवृक्ष हाताशी असेल तर हे चटकन ओळखू येतं, कारण एका गाठीत अचानक परक्या घराण्याच्या सगळ्या खुणा एकत्र उगवू शकत नाहीत. गंमत अशी की कुत्र्यांच्या गाठीत नेमकं तेच घडतं आणि ते खरं असतं. म्हणून तिथे यजमानाचा वेगळा तुकडा लागला आणि शेकडो गाठींची एकमेकींशी पडताळणी लागली. माणसांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत इतकी शिस्त असती तर निदान काही वर्षं वाचली असती.

नंतरचे मोठे अभ्यास सावध आहेत. २०१४ मध्ये १,६७५ गाठींच्या अभ्यासात प्रथिन थोडंसं बदलणारे बदल तटस्थ वाटले, कुठलीही निवड नसल्यासारखे वरखाली होणारे. प्रथिन अर्ध्यात तोडणारे बदल मात्र दाबले जात होते. इथे माणसाची गाठ कुत्र्याच्या गाठीसारखीच वागते. २०२० मध्ये २,६५८ कर्करोगांच्या तपासणीत अपवाद समोर आले: मूत्रपिंड, थायरॉइड आणि मोठं आतडं यांच्या गाठींत प्रथिन तोडणारे बदल उलट जास्त सापडले. मूत्रपिंडातली ऑन्कोसायटोमा नावाची गाठ तर श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाच्या (प्रथिनांच्या पहिल्या गटाच्या) बिघाडासाठीच ओळखली जाते. तिच्या पेशी निकामी मायटोकॉन्ड्रियांनी खचाखच भरलेल्या असतात. आणि ही गाठ सहसा निरुपद्रवी असते. पसरायला, उड्या मारायला तिच्यात दम नाही.

उंदरांतले प्रयोग दोन्ही बाजूंनी बोलतात. २००८ मध्ये जपानमधल्या हायाशी यांच्या गटानं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन पेशीरेषांत एमटी-डीएनएची अदलाबदल केली. पसरणाऱ्या पेशींचा एमटी-डीएनए न पसरणाऱ्या पेशींत घातला की त्या पसरू लागल्या. कारण सापडलं एमटी-डीएनएवरच्या एनडी-६ जनुकातल्या एका बदलात, आणि त्यामुळे वाढलेल्या ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंत. म्हणजे बेताचा बिघाड कर्करोगाच्या पथ्यावर पडू शकतो. २०१५ मध्ये न्यूझीलंडमधले माइक बेरिज आणि ऑस्ट्रेलिया-चेकियात काम करणारे यिरी नॉयझिल यांच्या गटांनी दुसरं टोक दाखवलं. त्यांनी उंदराच्या कर्करोगाच्या पेशींतून एमटी-डीएनए पूर्ण काढून टाकला आणि त्या उंदरांत टोचल्या. गाठ खूप उशिरा धरली, आणि धरली तेव्हा तिच्या पेशींत उंदराचा स्वतःचा एमटी-डीएनए आलेला होता. कुत्र्यांत जे वर्षानुवर्षांत घडलं, ते प्रयोगशाळेत डोळ्यांदेखत घडलं. पुढे अख्खे मायटोकॉन्ड्रियाच यजमानाच्या पेशींतून कर्करोगाच्या पेशींत जातात, हेही दिसलं.

पण त्या पेशींना श्वसन हवं होतं ते कशासाठी? ऊर्जेसाठी, असं कोणीही म्हणेल. २०१९ मध्ये याच मंडळींनी दाखवलं की खरी तहान वेगळी होती. डीएनए-आरएनएसाठी लागणारे पिरिमिडिन बनवण्याच्या वाटेवर डीएचओडीएच नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे. ते मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात बसतं आणि श्वसनसाखळी चालू असेल तरच काम करतं. श्वसन थांबलं की हे विकर थांबतं, पिरिमिडिन आटतं आणि पेशीला नवा डीएनए लिहिता येत नाही. कुत्र्यांची गाठ हजारो वर्षं इंजिन शाबूत का ठेवते, याचं हे एक पटण्यासारखं कारण आहे. तिथे हे थेट तपासलं गेलंय असं मात्र मी म्हणणार नाही.

देवाणघेवाण एकाच दिशेनं होते असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला जपानमधल्या तोगाशी यांच्या गटानं माणसांच्या गाठींत दाखवलं की कर्करोगाच्या पेशी बदललेल्या एमटी-डीएनएचे मायटोकॉन्ड्रिया गाठीत शिरलेल्या टी-पेशींना, म्हणजे कर्करोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, देतात. टी-पेशींचे स्वतःचे मायटोकॉन्ड्रिया हटतात, त्यांच्या जागी हे बिघडलेले बसतात आणि त्या टी-पेशी थकून नाकाम होतात. त्यामुळे रुग्णाच्या गाठीचा अहवाल वाचताना 'बदल आहे का' एवढं विचारून भागत नाही. तो कोणत्या पेशीत आहे, किती प्रतींत आहे, आणि प्रथिन तोडणारा आहे की नुसता वाहत आलेला, हेही बघावं लागतं.

कुत्र्यांच्या उपचारात या सगळ्यानं काही बदललेलं नाही. व्हिन्क्रिस्टिन पेशीविभाजनाच्या सूक्ष्मनलिकांवर काम करतं, मायटोकॉन्ड्रियांशी त्याचं देणंघेणं नाही. माणसांत मात्र प्रयत्न झाले. कर्करोगाला श्वसन लागतंच, तर ते तोडावं, या विचारानं पहिल्या संकुलाला अडवणारं आयएसीएस-०१०७५९ हे औषध रुग्णांवर आजमावलं गेलं. २०२३ मध्ये निकाल छापून आले: रक्तातलं लॅक्टेट चढलं, हातापायांच्या नसांना इजा झाली आणि गाठींवर फारसा परिणाम व्हायच्या आतच मात्रा सोसवेनाशी झाली. चाचण्या थांबवाव्या लागल्या. डीएचओडीएचला अडवणारी औषधं जुनीच आहेत. त्यांतलं लेफ्लुनोमाइड संधिवातासाठी आपल्याकडेही सर्रास लिहून दिलं जातं. कर्करोगात त्या वाटेनं काही साधतं का, हे पाहणं सुरू आहे. अडचण पहिल्या औषधाचीच आहे: जे विकर गाठीला लागतं, तेच रक्ताच्या आणि आतड्याच्या निरोगी, भराभर वाढणाऱ्या पेशींनाही लागतं.